मोबाइल स्टार्टर : ‘मोटर चालू’ असा मेसेज येतो, पाणी मात्र येत नाही

आमराई (धागाकर्ता)

विहिरीवर ५ एचपीची तीन फेज सबमर्सिबल, साधा डीओएल स्टार्टर (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा) आणि शेजारी सिमकार्डवर चालणारा मोबाइल स्टार्टर, म्हणजे डबा, अशी जोडणी आहे. विहीर गावापासून ४ किलोमीटरवर. तक्रारी चार आहेत.

‘मोटर चालू’ असा मेसेज येतो, पण पाइपला थेंब नसतो. रात्री फोन लावला तर कधी ‘संपर्क क्षेत्राबाहेर’, कधी रिंग जाते आणि पुढे काहीच होत नाही. बंद केल्यावर ‘मोटर बंद’ असं उत्तर येतं, मोटर मात्र चालू राहते (हे सारखं नाही, महिन्यातून एकदोनदा). आणि लाइट आल्यावर ऑटोवर (आपोआप) मोटर उठताना स्टार्टर दोन-तीनदा खटखट करतो, मग कधी धरतो, कधी सोडतो.

डबा बदलून हे सुटेल का? तपासणी कुठून सुरू करावी?

तीनफेज

डबा इतक्यात बदलू नका. आधी तुमचा डबा ‘मोटर चालू’ कशाच्या आधारावर म्हणतो ते बघा. पुष्कळ डब्यांत आतला छोटा रिले ओढला गेला की लगेच तो मेसेज सुटतो. म्हणजे हिरवं बटण दाबायला बोट पुढे केलं, एवढंच त्यातून कळतं. पुढे कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला, मोटरची वीज जोडणारा मोठा स्विच) बसला का, तिन्ही फेज मोटरपर्यंत गेले का, यातलं डब्याला काही ठाऊक नसतं.

तपासायची सोपी रीत अशी. मेन स्विच पाडा, टेस्टरने तिन्ही फेज मेल्याची खात्री करा. ओव्हरलोड रिलेखालून (जास्त करंटवर मोटर पाडतो तो) मोटरकडे जाणाऱ्या तीन वायरी काढा, टोकं वेगवेगळी टेप लावून बाजूला करा. मेन चढवा आणि मोबाइलवरून चालूची आज्ञा द्या. कॉन्टॅक्टर बसेल, मोटर तर जोडलेलीच नाही. तरीही ‘मोटर चालू’ असं उत्तर आलं तर तो डबा आंधळा आहे. ‘लोड नाही’ किंवा ‘ड्राय रन’ (मोटर पाण्याविना फिरतेय) असं म्हणून त्याने पाडलं तर करंट मोजणारा आहे. तपासून झालं की वायरी ज्या क्रमाने काढल्या त्याच क्रमाने लावा. दोन फेज अदलाबदल झाले तर मोटर उलटी फिरेल, पाणी कमी येईल.

पहिल्या तक्रारीचं नेहमीचं कारण म्हणजे ओव्हरलोड रिले ट्रिप होऊन बसलेला असतो. त्याचा बंद-संपर्क (एरवी मिटलेला असतो तो) उघडा असल्याने कॉन्टॅक्टरला ओढणाऱ्या कॉइलला वीज मिळत नाही. डबा रिले ओढतो, मेसेज पाठवतो, पण कॉन्टॅक्टर जागचा हलत नाही. ट्रिप आपोआप परत यावी म्हणून काही जण रिले ‘ऑटो रिसेट’वर ठेवतात. दुरून चालवायच्या मोटरीला तसं कधीच ठेवू नये. थंड झाला की तो स्वतःहून तयार होतो, इकडून पुन्हा आज्ञा जाते, आणि कारण न कळता मोटर तापत राहते. ओव्हरलोडवर पडली तर माणसाने जाऊन बघायचं, मगच रिसेट दाबायचं.

डीपीखाली

तुमच्या तिसऱ्या आणि चौथ्या तक्रारीचं मूळ एकच असावं, आणि बहुधा पहिलीचंही.

डीओएलवर मोटर उठताना चालू करंटच्या सहापट वगैरे घेते. सगळ्या रानातली लाइट एकाच वेळी येते आणि ऑटोवरच्या सगळ्या मोटरी त्याच क्षणी उठतात. डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) शेवटच्या खांबावर उभं व्होल्टेज ३८० दिसत असलं तरी त्या क्षणी ते ३०० च्या आसपास बसू शकतं. ४१५ च्या कॉन्टॅक्टर कॉइलला नीट ओढून धरायला साधारण ८५ टक्के, म्हणजे ३५० च्या वर व्होल्टेज लागतं. कॉन्टॅक्टर ओढतो, मोटर उठायला लागते, व्होल्टेज पडतं, कॉन्टॅक्टर सुटतो. भार गेला की व्होल्टेज वर येतं, डबा पुन्हा पल्स देतो, पुन्हा ओढतो. तुमची खटखट ती ही.

त्या प्रत्येक खटक्याला सहापट करंटवर ठिणगी पडते. संपर्कावरचा चांदीचा थर वितळतो. पुढे दोनपैकी एक गोष्ट होते. एखादा पोल (एका फेजची संपर्काची जोडी) जळून उघडा राहतो, मग मोटर दोन फेजवर नुसती गुरगुरते, ओव्हरलोड पडतो आणि पाणी येत नाही (तक्रार पहिली). किंवा एखाद-दोन पोल चिकटतात, मग कॉइलची वीज तोडली तरी मोटर थांबत नाही (तक्रार तिसरी). मोबाइलला, सिमला दोष देण्याआधी मेन पाडून कॉन्टॅक्टर उघडा. संपर्क काळे असले तर एक वेळ चालेल. खड्डे पडलेले, वितळून कडेला मणी जमलेले असतील तर संपर्काचा संच बदला. कानस मारून गुळगुळीत करू नका, उरलेला थरही त्याने निघून जातो.

कायमचा उपाय म्हणजे ऑटोला उशीर. डब्यात ‘ऑटो डिले’ म्हणून सेटिंग असतं. एका डीपीवर १० मोटरी असतील तर सगळ्यांनी मिळून ठरवा: पहिल्याची २ मिनिटं, दुसऱ्याची ३, तिसऱ्याची ४, असं पुढे. साधे ऑटो स्विच काढून टाका आणि कंडेन्सर बसवा असं आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करतं ते याचसाठी. डीपी जळला की ज्याने ऑटो लावला नव्हता त्याचंही पीक वाळतं.

आमराई

कॉन्टॅक्टर उघडला. दोन पोलवर खड्डे आहेत, एका ठिकाणी मणी जमलेला आहे. ऑटो डिले शून्यावर होता. डबा आंधळा निघाला, मोटर सोडवूनही ‘चालू’ म्हणतो. त्याला करंट मोजायची सोय नंतर जोडता येते का?

तीनफेज

डब्याच्या पट्टीवर सीटी असं लिहिलेल्या दोन-चार रिकाम्या जागा असतील तर येते. नसतील तर करंट मोजणारा डबाच घ्यावा लागेल, यात काटकसर नको.

सीटी म्हणजे भोक असलेली कॉइल, त्यातून मोटरची वायर ओवायची. निदान दोन फेजवर दोन सीटी हव्यात. जागा चुकवू नका: स्टार्टरजवळ कंडेन्सर असेल (५ एचपीला सहसा २ केव्हीएआरचा) तर सीटी कंडेन्सरच्या जोडापुढे, मोटरच्या बाजूला यायला हवी. अलीकडे लावली तर कंडेन्सरमुळे कमी झालेला करंट दिसतो आणि विहिरीत पाणी असताना डबा ‘ड्राय रन’ म्हणून मोटर पाडतो.

आकडे पाटीवरून भरू नका, क्लॅम्प मीटरने मोजून भरा. क्लॅम्पमध्ये एका वेळी एकच वायर घ्यायची, तिन्ही एकत्र धरल्या तर जवळजवळ शून्य दिसेल. समजा पाटीवर ९ अँपिअर आहे आणि भरल्या पाइपला, चालू पाण्यावर ८.२ मिळाले. मग ओव्हरलोड साधारण ९.५ वर आणि ड्राय रन ६.३ च्या आसपास, म्हणजे मोजलेल्या करंटच्या ७५ ते ८० टक्के. ड्राय रनची सूचना ५ ते १० सेकंद टिकली तरच पाडायचं. सुरुवातीचे २०-३० सेकंद डब्याने तिकडे बघायचंच नाही, कारण कॉलम पाइप (पंपापासून वर येणारा) भरेपर्यंत करंट स्थिर नसतो.

आणि ‘फेज प्रोटेक्टर आहे, मग सिंगल फेजिंगची (एक फेज जाऊन मोटर दोनवर चालण्याची) भीती नाही’ हा समज सोडा. नुसतं व्होल्टेज बघणारा प्रोटेक्टर मोटर उभी असताना फेज गेला तर बरोबर ओळखतो. मोटर फिरत असताना एक फेज गेला तर फिरती मोटरच त्या मेलेल्या फेजवर स्वतःचं व्होल्टेज तयार करते, आणि प्रोटेक्टरला तिन्ही फेज जिवंत दिसतात. करंट मात्र खोटं बोलत नाही: गेलेल्या फेजवर शून्य, उरलेल्या दोघांवर दीडपटीच्या वर.

टॉवररेषा

दुसऱ्या तक्रारीबद्दल.

‘संपर्क क्षेत्राबाहेर’ आणि ‘रिंग जाते पण काही होत नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात डब्याला टॉवर सापडत नाही. दुसऱ्यात टॉवर सापडलाय, डबा आतून अडकलाय.

पहिल्यासाठी ॲन्टेना कुठे आहे ते बघा. पत्र्याच्या पेटीत काडी ॲन्टेना ठेवणं म्हणजे फोन पातेल्यात झाकून ठेवण्यासारखं आहे. वायरवाली ॲन्टेना घ्या, पेटीच्या खालच्या बाजूने बाहेर काढा, खोलीच्या पत्र्यापेक्षा वर उभी लावा. वायर ३ मीटरच्या आत ठेवा, बारीक वायर लांबवली की जेवढं वर चढून कमावलं तेवढं वायरीत जातं. ‘स्टेटस’चा मेसेज पाठवल्यावर बहुतेक डबे सिग्नलचा आकडा देतात, तो ० ते ३१ असतो. १५ च्या वर निर्धास्त, १० च्या खाली त्रास ठरलेला, आणि ९९ आला तर काहीच सापडलेलं नाही.

सिम कोणतं आहे? जुने सगळे डबे २जीवर चालतात. जिओचं २जी जाळंच नाही, त्यामुळे ते सिम अशा डब्यात उठणार नाही. ४जी डबा घेत असाल तर ‘कॉल घेतो का’ हे विचारा. ४जीवर कॉल येण्यासाठी आतल्या बोर्डाला व्हीओएलटीई यावं लागतं. काही बोर्ड फक्त डेटा घेतात, तिथे मिस्ड कॉलने मोटर चालू होणार नाही, ॲपच वापरावं लागेल. आणि ॲपवाल्या डब्याला विचारायचा प्रश्न: कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर साध्या एसएमएसवर चालेल का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा बघा.

दुसऱ्या दुखण्यात, डबा अडकण्याचं कारण बहुधा वीज. २जीचा बोर्ड टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो आणि त्याला ३.४ ते ४.४ व्होल्टच्या मध्येच राहावं लागतं. आतला लिथियम सेल थकला असेल तर त्या क्षणी व्होल्टेज बसतं आणि बोर्ड अर्धवट उठून राहतो. पत्र्याच्या पेटीतली उन्हाळ्याची उष्णता हा सेल खाते. २-३ वर्षांनी बदला, फुगलेला दिसला तर लगेच. नुसती मेन पाडून डबा रिसेट होत नाही हे लक्षात ठेवा, सेल जोडलेला असतो. सेलची पिनही काढावी लागते. रोज एकदा आपोआप रिस्टार्ट होण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर चालू करा, मोटर बंद असते अशा वेळेची.

रिंग गेल्यावर १ दाबा, २ दाबा अशी पद्धत असेल तर शक्यतो एसएमएसवर या. आकड्याचा सूर आवाजाबरोबर दाबून-पिळून डब्यापर्यंत पोचतो, गर्दीच्या वेळी तो ओळखीपलीकडे बिघडतो. एसएमएस उशिरा पोचेल, पण पोचला तर शब्द तोच असेल.

दुबार

@टॉवररेषा, उशिरा पोचलेला एसएमएसच जास्त घातक नाही का? संध्याकाळी पाठवलेलं ‘चालू’ रात्री २ ला टॉवर उठल्यावर पोचलं तर?

टॉवररेषा

बरोबर मुद्दा. चांगल्या डब्यात एसएमएसवरची वेळ तपासून ५-१० मिनिटांपेक्षा जुनी आज्ञा टाकून देण्याची सोय असते. तुमच्या डब्यात आहे का ते असं बघा: ॲन्टेना काढा, ‘चालू’ पाठवा, अर्ध्या तासाने ॲन्टेना लावा. मोटर उठली तर ती सोय नाही. मग चालूसाठी कॉल आणि चौकशीसाठी एसएमएस, अशी वाटणी करा. कॉल एकतर लागतो किंवा लागत नाही, मागाहून येत नाही.

सिमचं थोडं. डब्याचं सिम रिचार्जअभावी मरणं हे सगळ्यात फालतू आणि सगळ्यात जास्त वेळा घडणारं कारण. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल अशी तरतूद केली. डब्याला तसलाच वर्षाचा पॅक मारा. सिमचा पिन कोड काढून टाका, कॉलर ट्यून आणि कॉल फॉरवर्डिंग बंद करा. जाहिरातीचे कॉल लाइन अडवून ठेवतात, म्हणून त्या सिमवरून १९०९ ला ‘START 0’ असा रोमन लिपीतला मेसेज पाठवून ते बंद करून घ्या. हे सगळं सिम साध्या फोनमध्ये घालून आधी करायचं. आणि डब्याचा पासवर्ड कारखान्यातून १२३४ किंवा तसलाच येतो, तो पहिल्या दिवशी बदला.

मस्कतहून

परदेशातून डब्याला कॉल केला की नंबर वेगळ्याच रूपात पोचतो, कधी नंबरच दिसत नाही. नोंदवलेल्या यादीशी तो जुळत नाही आणि डबा कॉल तोडतो. यादीत नंबर भरताना शेवटचे १० अंक जुळवणारा डबा असेल तर भारतातला रोमिंग नंबर चालतो. बाहेरून कायमचा वापर असेल तर ॲपवाला ४जी डबाच बरा. घरच्या एका माणसाच्या फोनला ‘बंद’चा अधिकार मात्र गावात असूच द्या.

तीनफेज

आता बंदचं. हे चालूपेक्षा महत्त्वाचं आहे आणि यावर कमी बोललं जातं.

मोटर बंद होणं नेटवर्कवर सोडायचंच नाही. चालू करताना किती वेळ चालायची ते सोबत सांगायचं. डब्यात टायमर असतो, ‘चालू, १८० मिनिटं’ असं देता येतं. तेवढ्यात फोन लागला नाही तरी मोटर आपली थांबते. डब्यात सोय नसेल तर पेटीत वेगळा इलेक्ट्रॉनिक टायमर बसवा: त्याची कॉइल कॉन्टॅक्टरच्या कॉइलला समांतर, आणि उशिरा उघडणारा बंद-संपर्क कॉइलच्या वाटेत सिरीजमध्ये. वेळ भरली की संपर्क उघडतो, कॉन्टॅक्टर सुटतो, टायमर स्वतः शून्यावर येतो, पुन्हा आज्ञा आल्याशिवाय काही होत नाही. टायमरचं व्होल्टेज कॉइलच्या व्होल्टेजशी जुळतं का ते तपासून घ्या. रानातल्या स्टार्टरची कॉइल बहुधा दोन फेजमध्ये, ४१५ ची असते, आणि २४० चा टायमर तिथे लगेच जळतो.

चिकटलेल्या कॉन्टॅक्टरला यातलं काहीच थांबवू शकत नाही. तिथे साधा मार्ग: सीटीवाला डबा ‘बंद दिलं, पण करंट चालू आहे’ असं कळवतो, आणि मग माणसाने जाऊन मेन स्विच किंवा एमसीसीबी (मोठा सर्किट ब्रेकर) पाडायचा. भार चालू असताना किटकॅट (फ्यूज) ओढू नका, आर्क हातावर येते. विहीर फार लांब असेल तर शंट ट्रिपवाला (दुरून वीज दिली की पडणारा) एमसीसीबी लावून डब्याच्या दुसऱ्या रिलेने तो पाडता येतो. खर्च वाढतो, पण १० एचपीच्या पुढे तो मी करायला सांगेन.

दुबार

बंदचा रिले डबा मेल्यावर उघडणारा असावा की मिटलेला राहणारा? मेल्यावर उघडणारा असावा असं माझं ठाम मत आहे. डबा अडकला तर मोटर थांबलीच पाहिजे.

डीपीखाली

तत्त्व म्हणून पटतं. पण २जीचा बोर्ड दिवसातून दोनदा स्वतःहून रिस्टार्ट होत असेल तर प्रत्येक वेळी मोटर पडेल, आणि ऑटोवर परत उठेल. तेवढे जास्तीचे स्टार्ट कॉन्टॅक्टरवर आणि वाइंडिंगवर. आधी डब्याची वीज आणि सेल सुधारा, मग उघडणारा रिले लावा.

कॉन्टॅक्टर सुटताना होणाऱ्या ठिणगीनेही बोर्ड अडकतो. कॉइलला समांतर स्नबर (तो झटका शोषणारा जोड) लावा, १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर सिरीजमध्ये. कंडेन्सर ४४० व्होल्ट एसीला चालणारा हवा. बाजारात सहज मिळणारा २७५ चा ४१५ च्या कॉइलवर फुटतो. डब्याची वायर आणि मोटरची वायर एका पाइपातून नेऊ नका.

एक धोक्याची जोडणी बऱ्याच पेट्यांत दिसते, ती लिहून ठेवतो. शेतीच्या लाइनला न्यूट्रल तुटका किंवा नसतो, म्हणून डब्याला एक फेज आणि दुसरीकडे अर्थ जोडून २४० काढतात. मार्च-एप्रिलमध्ये जमीन सुकली की अर्थिंगचा विरोध वाढतो आणि अर्थची तार, पेटीचा पत्रा, केसिंग, सगळं जिवंत होतं. दोन फेजवर चालणारा, ४१५ चा डबाच घ्या.

दहाएचपी

स्टार-डेल्टा स्टार्टरला (आधी स्टारवर कमी, मग डेल्टावर पूर्ण व्होल्टेज देतो त्याला) डबा कसा जोडायचा?

तीनफेज

आधी प्रकार ओळखा. पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये टायमर आत असतो, डब्याने १-२ सेकंदांचा पल्स हिरव्या बटणाला समांतर दिला की पुरे. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हिरवं बटण दाबून धरलं तोवर स्टार, सोडलं की डेल्टा. तिथे डब्याचा रिले ५ ते ८ सेकंद धरून ठेवावा लागतो. १ सेकंदाचा पल्स दिला तर मोटर वेग घेण्याआधीच डेल्टावर जाते आणि डीओएलसारखाच झटका बसतो. हँडल ओढायचा हाताचा स्टार्टर असेल तर दुरून चालवण्याचा नाद सोडा, स्टार्टर बदला.

ठिबक

ठिबकवाल्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या.

मोजलेल्या करंटच्या ७५ टक्क्यांवर ड्राय रन लावा असं वर लिहिलंय, पण करंट कोणत्या प्लॉटवर मोजला ते बघा. बहुतेक पंपांत पाणी कमी वाहिलं की करंट कमी होतो. मोठ्या प्लॉटवर ८.२ आणि लहान प्लॉटवर ६.८ असेल तर ६.३ ची मर्यादा लहान प्लॉटवर कधीही पडेल. सगळ्यात लहान सेक्शन उघडून, फिल्टर धुवायच्या आधीच्या अवस्थेत मोजा आणि त्याच्या खाली ठेवा. उलट मेन पाइप फुटला तर डोक्यावरचा दाब जातो, पाणी जास्त वाहतं आणि करंट वाढतो. म्हणून ‘करंट चांगला आहे, म्हणजे पाणी पिकाला जातंय’ असं धरू नका. करंटवरून मोटर कळते, पाइप कळत नाही. पाइपसाठी फिल्टरच्या पुढे प्रेशर स्विच लावा आणि डब्याच्या दुसऱ्या इनपुटला द्या. डब्याने ‘मोटर चालू, दाब नाही’ असं म्हटलं की फोन न करता रानात जायचं.

दुसरं, व्हॉल्व्हचा क्रम. चालू करताना आधी व्हॉल्व्ह, मग मोटर. पाळी बदलताना पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर आधीचा मिटवायचा. बंद करताना आधी मोटर. सोलेनॉइड व्हॉल्व्ह दुरून चालवत असाल तर लॅचिंगचे, ९ ते १२ व्होल्ट डीसी पल्सवाले घ्या, त्यांना उघडं राहायला सतत वीज लागत नाही. पण पल्स गेला म्हणजे व्हॉल्व्ह उघडला असं नाही. डायफ्रॅमखाली खडा अडकला तर तो अर्धाच उघडतो. हेड युनिटवर (ठिबकच्या सुरुवातीचा, फिल्टर असलेला भाग) प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह असल्याशिवाय दुरून मोटर चालू करू नका, बंद व्हॉल्व्हवर मोटर उठली की पहिल्यांदा सॅन्ड फिल्टरचं झाकण किंवा जोड जातो. फिल्टरच्या आत-बाहेरच्या दाबात ०.५ किलोचा फरक पडला की बॅकवॉश. हे काम दुरून होत नाही, आठवड्याला हेड युनिटवर जावंच लागतं.

डीपीखाली

उशिराबद्दल एक राहिलं. लाइट जाऊन लगेच आली तर कॉलम पाइपातलं पाणी खाली उतरत असतं. एनआरव्ही (पाणी परत खाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळका असेल तर ते पाणी पंखे उलटे फिरवतं. उलट्या फिरणाऱ्या मोटरीला चालू दिलं की शाफ्ट आणि कपलिंगवर भयंकर ताण येतो. म्हणून ऑटो डिले कितीही कमी करायचा म्हटला तरी १ मिनिटाच्या खाली आणू नका. ड्राय रनवर पडल्यानंतरचा उशीर वेगळा: विहिरीला पाझर किती, बोअर किती वेळात भरते त्यावर, निदान अर्धा तास.

सावित्रीचा मळा

सुरक्षेवर कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. दुरून चालणारी मोटर म्हणजे जवळच्या माणसाला न विचारता उठणारी मोटर. विहिरीत गाळ काढायला माणूस उतरलाय, कुणी मोटर वर काढतंय, कुणी बाई पेटीशेजारी पाणी भरतेय, आणि फोन दुसऱ्याच्या हातात आहे.

पेटीच्या दारावर ‘हात / मोबाइल’ असा फिरवायचा स्विच बसवा. कॉइलच्या वाटेत तो असा जोडा की ‘हात’वर असताना डब्याचा रिले आणि ऑटो दोन्ही तुटलेले असतील. पेटीकडे गेलेल्या कुणीही पहिलं काम तो फिरवायचं करायचं. विहिरीत उतरायचं असेल तर तेवढ्याने भागवू नका: मेन पाडा, मग तिन्ही किटकॅट काढा आणि उतरणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवा. दुसऱ्या कुणाकडे द्यायच्या नाहीत. मजुरांना आणि शेजाऱ्यांना कळेल अशा मराठीत पेटीवर रंगाने लिहा: ‘ही मोटर फोनवर आपोआप चालू होते.’ ज्या घरात दोन-तीन फोन नोंदवलेले आहेत तिथे आज कोण चालवणार हे तोंडी ठरलेलं हवं.

आमराई

ताई, हा स्विच आजच बसवून घेतो. पेटीत मुंग्याही झाल्यात, त्याचा संबंध असेल का?

डीपीखाली

असेलच. मुंग्या कॉन्टॅक्टरच्या उबेला येतात आणि संपर्काच्या फटीत चिरडून थर जमतो. कॉन्टॅक्टर घुंघुं करतो, पुरता बसत नाही, तोच पोल जळतो. पाल दोन फेजच्या पट्ट्यांवर आडवी पडली की थेट शॉर्ट. वायर जाते ते प्रत्येक भोक ग्लँडने (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) बंद करा, उरलेल्या फटी एम-सीलने. डांबर गोळ्या कापडात बांधून पेटीच्या तळाशी ठेवा, महिन्याला बदला. पावडर फवारू नका, ती संपर्कावर बसते. वायरी खालूनच आत घ्या, वरून घेतल्या की पावसाचं पाणी वायरीवरून आत येतं.

वळवाच्या विजा सुरू होण्याआधी सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि त्याची अर्थिंग तार शक्य तितकी आखूड, सरळ ठेवा. अर्थ खड्ड्याला उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी.

सौरवाट

सोलर पंपवाल्यांनी वरची जोडणी तशीच उचलू नये. सोलर कंट्रोलर आणि मोटर यांच्या मध्ये कॉन्टॅक्टर कधीही घालू नका. भार चालू असताना तो उघडला तर कंट्रोलरचा आतला भाग जातो. कंट्रोलरला फ्लोट स्विचसाठी दोन टर्मिनल असतात, डब्याचा कोरडा संपर्क (स्वतः वीज न देणारा) तिथे द्या. सरकारी कुसुम योजनेतल्या कंट्रोलरमध्ये सिमवर चालणारी दूरदेखरेख आधीच असते. ते सिम काढून दुसरीकडे वापरू नका, वॉरंटीच्या तक्रारीला तोच डेटा लागतो.

आमराई

आमच्या खोऱ्यात खालच्या तुकड्यावर एकाही कंपनीचा टॉवर धरत नाही. तिथे काय?

टॉवररेषा

तिथे सिमचा नाद नको, लोरा रेडिओची (थोड्या विजेवर लांब पोचणारा रेडिओ) जोडी बघा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्टा विनापरवाना वापरता येतो. एक टोक पंपावर, दुसरं जिथे वीज आणि नेटवर्क दोन्ही आहे अशा घरावर. ॲन्टेनांची एकमेकींना नजर लागली तर २-३ किलोमीटर सहज जातं. मध्ये टेकाड असेल तर टेकाडावर छोट्या सोलर पॅनेलवर चालणारा रिपीटर लागेल. लावायची चाचणी ऊस लहान असताना घेऊ नका. उभा ऊस आणि त्यावरचं दव सिग्नल खातात, म्हणून दोन्ही ॲन्टेना उसाच्या शेंड्याच्या वर, निदान ६ मीटरच्या पाइपावर बसवा. पंपाकडचा संच अशा रीतीने सेट करा की घरच्या टोकाकडून ठरावीक वेळ, समजा ५ मिनिटं, खूण आली नाही तर तो मोटर स्वतः बंद करेल.